तुझं जोतं आणि राहायला येणारे

शेखर, तुझं जोतं परवा दुपारपर्यंत उभं होतं. मध्ये एकदाही पडलं नाही. हे तुला सगळ्यात आधी सांगते, कारण त्याशिवाय तू पुढचं ऐकणार नाहीस. मी फोनवर सुरू करायचे, "अरे, काल भाजी मार्केटात कोण भेटलं माहितीय का," आणि तू म्हणायचास, "ताई, आधी शेवट सांग. मग हवी तर गोष्ट सांग." तर हा घे शेवट. गोष्ट आता मी माझ्या चालीने सांगणार. या वेळी तुला फोन ठेवून देता येणार नाही.

तू गेल्यावर कामोठ्याच्या घरी भेटायला आलेले लोक दोनच प्रश्न विचारायचे. एक, त्या दिवशी नक्की काय झालं. याचं उत्तर तुझी ऋचा द्यायची, कारण तिची आई, स्मिता, बाहेरच्या खोलीत येतच नव्हती. आणि दुसरा, शेखर त्या कॉम्प्युटरवर इतकी वर्षं एवढं काय करायचा. याचं उत्तर माझ्याकडे सोपवलेलं. घरातला रेडिओ मीच ना. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण न कळणाऱ्या विषयावर रंगून बोलायची मला जन्मजात देणगी आहे, हे तूच म्हणायचास.

मी सांगायचे, कॉम्प्युटरच्या अगदी तळाशी एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. मेमरीतली जागा कुणाला किती द्यायची, बटण दाबलं ते कुणाला कळवायचं, कुणाची पाळी आधी आणि कुणाची नंतर, सगळं तो बघतो. आपल्याला तो दिसत नाही. दिसतं ते त्याच्यावरचं. फाइली उघडणं, लिहिण्याचं पान, हिशेब, चित्रं. माणसाचा हात ज्याला ज्याला लागतो त्या सगळ्याला म्हणायचं युजरलँड. आमचा शेखर नोकरी सांभाळून, पहाटे उठून, स्वतःचा कर्नल बांधत होता. घराचं जोतं बांधतात तसा. म्हणून त्याचं नावच त्याने जोतं ठेवलं होतं.

लोक माना डोलवायचे. मग कोणीतरी विचारायचंच, "आणि वरचं?"

"वरचं नाही बांधलं."

"का हो?"

यावर मी चहा आणायला उठायचे.

या 'का'वर तू आणि मी किती वर्षं भांडलो! माझं म्हणणं साधं होतं. एवढं डोकं आहे, तर लोकांना हाताळता येईल असं काहीतरी कर. माझ्या शिकवणीच्या मुलांची हजेरी ठेवणारं काही कर. निदान मला बघता येईल असं कर. तू दर वेळी वेगळं उत्तर द्यायचास, आणि मी दर वेळी ते पुढच्या लग्नकार्यात मीठमसाला लावून सांगायचे. "आमच्या शेखरचं घर बघायला या. अंगण नाही, दार नाही, खिडकी नाही, पण पाया असा, की भूकंपाने लाजावं." तूही हसायचास. पाठीमागे उभा राहून माझी चूक सुधारायचास, "ताई, दार आहे. दाराला कडी नाही."

तुझं पहिलं उत्तर मला मामाच्या गावी, कोनला मिळालं. मामाच्या घराचा स्लॅब पडला तो दिवस. मिक्सर धडधडत होता, बायका घमेली वर देत होत्या, आणि शेवटचं घमेलं ओतून झाल्याबरोबर मामाने पेढ्यांचा बॉक्स फोडला. मामाचे शेजारी कमरेवर हात ठेवून वर बघत म्हणाले, "स्लॅब पडला ना, घर झाला. आता आमी मोकले. बाकीचा काय, होतंय हलूहलू."

तू माझ्या कानाशी आलास. "ताई, ऐकलंस? पेढे स्लॅबला. मोरीचा नळ बसला म्हणून कोणी पेढे वाटल्याचं ऐकलंयस कधी?"

"म्हणजे पेढ्यांसाठी चाललंय होय हे?"

"पेढ्यांसाठी नाही गं. स्लॅब पडतो तो दिवस असतो. एका दिवसात कळतं, उभं राहिलं की कोसळलं. नळाचा असा दिवस नसतो. नळ बसतो, गळतो, परत बसवतात. असे शंभर नळ. वरचं काम म्हणजे शंभर नळ."

मामाच्या घराला अजून गिलावा नाही, तुला माहीत आहे. वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत, त्यांच्यावर पालथ्या बाटल्या. मामा गेला, मामी गेली. तुझ्या दिवसांत तिकडचे लोक आले तेव्हा मी विचारलं, तर म्हणाले, "बांधायचंय वरचं. हाय विचार."

दुसरं उत्तर तू इथे पनवेलला, माझ्या स्वयंपाकघरात दिलंस. मी तुझ्यापुढे पोळी टाकली, तू ती उलटून पाहिलीस आणि म्हणालास, "ही बरोबर आहे का चूक?"

"पोळी कधी चूक असते का? कडक असेल फार तर."

"तेच. भावोजींना पातळ आवडते, तुला जाड. वरच्या कामाचं असंच. बरोबर-चूक नसतंच, आवडीनिवडी असतात. खालच्या कामाला चिप बनवणाऱ्यांचं जाडजूड पुस्तक आहे. अमुक पत्त्यावर अमुक आकडा ठेव, बटण दाबल्याचं कळेल. ठेवला, कळलं. नाही ठेवला, मशीन पडली. माणसांचं असं पुस्तक कोणी छापलंय?"

"माणसांना विचारायचं असतं, शेखर."

"म्हणून तर," तू म्हणालास, आणि पोळी खाल्लीस. कडकच होती.

तिसऱ्या उत्तराला साक्षीदार आहे. आपला मुनाफ. आखातात हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात उमेदीची वर्षं घालवून तो पनवेलला परत आला आणि मोहल्ल्याच्या तोंडाशी दुरुस्तीचं दुकान घालून बसला. तू रॅमची एक पट्टी आणायला गेलास आणि तुला दोस्त मिळाला. त्याला तुझं जोतं आवडायचं, आणि त्याला त्यावर वरचं घर बांधायचं होतं. दर रविवारी हेच.

"एक खोली दे मला, शेखर. शेल लिहितो. हुकूम टाइप करायची जागा, बाकी काही मागत नाही."

"आधी मेमरीचं नीट होऊ दे."

"तुझी मेमरी कयामतपर्यंत नीट होणार नाही. ताई, तुम्ही बघा, जगभर याच्यासारखे किती आहेत. एकमेकांना स्क्रीनचे फोटो पाठवतात. माझा उभा राहिला, तुझा राहिला का? प्रत्येकाला स्वतःची जमीन पाहिजे. दुसऱ्याच्या जमिनीवर चूल मांडायला एक जण तयार नाही. दावत मोठी, आणि सगळेच नवरदेव. जेवायला बसणार कोण?"

तू चिडलास की इतका हळू बोलायचास, की पुढे वाकून ऐकावं लागायचं. "तयार कर्नल घेऊन त्यावर वरचं नवं बांधलं, तर ते भाड्याच्या घराला रंग दिल्यासारखं होतं. पत्ता मालकाचाच राहतो."

"अरे, पण रंग पाहुण्याला दिसतो! तुझा पाया कुणाला दिसतो?"

"मला दिसतो."

"आणि वरचं?"

"वरचं जगात फुकट पडलंय. पाया पक्का झाला की उद्या आणून ठेवीन."

'उद्या' म्हणालास खरा. मुनाफने तेव्हा माझ्याकडे पाहून डोळा मारला होता. आता तो शब्द आठवला की तो चष्मा काढून पुसत बसतो.

खरं उत्तर मात्र तू मला कधी दिलं नाहीस. ते मला द्रोणागिरीला मिळालं. एकदा उरणहून परतताना तुला घ्यायला, तू कामाला होतास त्या गोदामावर थांबले होते. तू 'पाचच मिनिटं' म्हणालास, आणि मी तुझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहिले. तेवढ्यात कोण कोण आलं! "साहेब, प्रिंटर कागद खातोय." "साहेब, सिस्टम हँग." "शेखरभाई, मी काही केलं नाही, आपोआप उडालं." एकाने आपल्या मुलाच्या मोबाइलचं लॉक काढायला आणलं होतं. तू कुणालाही नाही म्हणाला नाहीस. प्रत्येकाबरोबर उठून गेलास, वाकून बघितलंस, हसलास. दिवसभर तू लोकांच्या युजरलँडमध्येच राहायचास रे. पहाटेचा तेवढा वेळ तुझा होता, आणि तिथे 'साहेब' म्हणून हाक मारणारं कोणी नव्हतं. तिथे तू आणखी माणसं कशाला राहायला बोलावशील? मला हे बाकावर बसल्या बसल्या कळलं. गाडीत तुला सांगणार होते, पण तू सीटला डोकं टेकून डोळे मिटलेस, आणि मग आपला विषय दुसरीकडे गेला. तिथून सगळं राहिलंच.

आता तो दिवस.

तुझी सवय होती, सकाळी निघताना जोतं चालू करून जायचं. नव्या दुरुस्तीनंतर ते संध्याकाळपर्यंत उभं राहतं का, हे बघायला. ते कधीच राहिलं नाही. दुपारी जेवायच्या सुट्टीत तू स्मिताला फोन करायचास, आणि जेवलीस का म्हणण्याआधी विचारायचास, "उभं आहे का पडलं?" ती आतल्या खोलीत डोकावून सांगायची, "पडलं." तिची लॅबची पाळी दुपारनंतरची, म्हणून हे काम तिचं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं, की तुमच्याकडे कोणी आजारी माणूस आहे.

त्या दिवशी स्मिताने तुझ्या फोनच्या आधीच जाऊन पाहिलं. उभं होतं. कोपऱ्यातला सेकंदांचा आकडा चालत होता. ती फोन हातात घेऊन बसली, तुला सांगायला. स्वतःहून करायचा नाही, तू विचारायचं आणि मग तिने सांगायचं, अशी तिने मनात गंमत ठरवली होती. फोन आला तो तुझ्या गोदामातल्या दुसऱ्याच माणसाचा.

बाकीचं तुला माहीत आहे, किंवा नाही. मी ते लिहीत नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. जोतं चालूच होतं. स्मिता त्या खोलीतून हलेना. तिथेच पलंगावर झोपायची, तिथेच ताट न्यायची, तिथेच ठेवून द्यायची. लाइट गेली की धावत जाऊन यूपीएसवर हात ठेवायची, जणू त्याला ताप आहे. लॅबमधून दोनदा फोन आला, मग तिसऱ्यांदा आला तो जरा वेगळ्या आवाजात. तिच्या जागी दुसरी मुलगी बघायला लागतील म्हणून. तिने उचलला नाही. ऋचाचं कॉलेज पुण्याला सुरू झालं होतं, आणि ती बॅग भरून परत उपसत होती. आईला असं सोडून कुठे जाणार?

"आत्या, तू सांग ना तिला. तुझं ऐकेल."

माझं ऐकेल! मी गेले, तिच्या शेजारी बसले, आणि कधी नव्हे ते मला शब्द सुचेनात. स्मिता स्क्रीनकडे बघत होती. मी म्हटलं, "अगं, यात तो नाही." ती म्हणाली, "माहीत आहे, ताई." एवढंच. माहीत असलेल्या माणसाला काय समजावणार? मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून भांडी घासत बसले.

मग सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. केबलच्या कामासाठी दिवसभर वीज बंद राहील. तुझा यूपीएस दिवसभर कुठला पुरतोय? ऋचाचा मला फोन आला. "आत्या, आई म्हणतेय जनरेटर आण. तिसऱ्या मजल्यावर! फक्त बाबांच्या कॉम्प्युटरसाठी. मी कुठून आणू? तू ये. मला आता भीती वाटतेय."

मी मुनाफला घेऊन निघाले. रिक्षात तो कळंबोलीच्या पुलापाशी म्हणाला, "ताई, मी वहिनींना काय सांगू?"

"खरं सांगा. आत काय चाललंय ते. तिला वाटतंय ते नाही, हे तुमच्या तोंडून ऐकू दे."

"आणि तिला काय वाटतंय, ते तुम्हाला माहीत आहे?"

मला वाटलं, मला माहीत आहे.

आम्ही पोचलो तेव्हा वीज जाऊन बराच वेळ झाला होता. पंखे बंद, खिडक्या बंद, घरात दमट उकाडा. आतल्या खोलीत काळी स्क्रीन, पांढरी अक्षरं, वर कोपऱ्यात तो आकडा. मुनाफने तो वाचला आणि पलंगाच्या कडेवर बसला.

"या अल्लाह. एवढा वेळ? याने कधी संध्याकाळ पाहिली नव्हती."

मी या क्षणासाठी वाक्य तयार करून आणलं होतं. मला गप्प बसवत नाही, हा माझा आजार. म्हटलं, "मुनाफभाई, कोणी वापरत नाही म्हणून उभं आहे, नाही का? रिकाम्या घराचा नळ कधी बिघडत नाही."

मुनाफने मान डोलावली. "तसंच असणार, ताई. काम नसलं की तो नुसता बसून राहतो. कोणी हाक मारली तर उठायचं, नाहीतर डोळे मिटून राहायचं."

"रिकामं कुठे आहे?" स्मिता म्हणाली. "मी बोलते की रोज."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. तू आत मराठी अक्षरं अजून आणली नव्हतीस, म्हणून इंग्रजी लिपीत तिने टाइप केलं, वीज गेली आहे, मुनाफभाई आलेत. अक्षरं एकेक करून उमटली. तिने आणखी लिहिलं. ओळी वर सरकल्या, आणि सर्वांत वरची ओळ काठावरून नाहीशी झाली.

"रोज?" मुनाफचा आवाज बदलला. "किती लिहिता, वहिनी?"

"सकाळी चहा झाला की बसते. मग दुपारी. ऋचाचा ताप उतरला. गॅस संपला. तुझा निळा शर्ट कुणाला दिला नाही. असंच."

"तेराव्यापासून?"

"त्याच्या आधीपासून."

मुनाफ उठला आणि स्क्रीनच्या इतका जवळ गेला, की मला वाटलं, याला काहीतरी सापडलं. तो मग माझ्याकडे न बघता बोलत राहिला. म्हणाला, ताई, माझं चुकलं, तुमचंही चुकलं. हे मशीन नेमकं टायपिंगनेच पडायचं. प्रत्येक बटणागणिक मेमरीतला एक चिमूटभर तुकडा घ्यायचा आणि परत द्यायला विसरायचं. शेखर आपणच सकाळी पानभर काहीतरी बडवायचा, आणि एकदा लागलेली ती गळती वाढत वाढत दुपारपर्यंत मेमरी भरून ते पडायचं. कुठे विसरतंय ते त्याला काही केल्या सापडत नव्हतं. आमचे सगळे रविवार त्यातच गेले. त्या दिवशी सकाळी त्याचा मला मेसेज आला होता, आज एक नवीन करून बघतोय.

"मग?" स्मिता म्हणाली.

"मग काय, वहिनी. तुम्ही एवढं लिहिलंत, आणि हे उभं आहे. त्याला सापडलं होतं. त्या सकाळचं बरोबर होतं."

यूपीएसने पहिली शिट्टी दिली.

शेखर, तुला हे कळलं नाही. तू डबा घेऊन गोदामामागे गेलास तेव्हा तुझ्या मनात हेच असेल, की आताही पडलंच असेल. एक फोन आधी केला असतास. या वाक्याच्या पुढे मला जाता येत नाही, म्हणून मी ते इथेच सोडते.

स्मिताने विचारलं, "मुनाफभाई, वर गेलेलं कुठे जातं?"

"म्हणजे?"

"मी लिहिते, ते वर वर जातं आणि दिसेनासं होतं. ते कुठे असतं?"

मुनाफला खोटं बोलायचं होतं. मला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. आणि खरं सांगते, मलाही त्याने खोटंच बोलावं असं वाटलं. तो म्हणाला, "कुठेच नाही, वहिनी. ठेवायची सोय त्याने केली नव्हती. ते वरचं काम."

"एकही शब्द नाही?"

"एकही नाही."

स्मिताने स्क्रीनच्या वरच्या काठावर बोट ठेवलं. "बरं झालं," ती म्हणाली. "भांडलेय पण मी त्यात. खूप."

ऋचा दारात उभी होती. तिला हुंदका आला की हसू, ते तिचं तिलाच कळलं नसावं.

दुसरी शिट्टी. मुनाफने सांगितलं, की प्रोग्राम शेखरच्या लॅपटॉपवर आहे, त्या सकाळची दुरुस्तीही आहे, त्यातलं काही जाणार नाही. जाईल तो फक्त हा चालू असलेला वेळ. "आणि आपण काही केलं नाही, तरी थोड्या वेळाने आपोआप बंद पडेल."

"आपोआप नको," स्मिता म्हणाली. इतके दिवस ती कुजबुजल्यासारखी बोलत होती. हे मोठ्याने म्हणाली. "तो आपोआप गेला, ताई. कंटेनरच्या सावलीत, डबा उघडलेला. कुणाचा हात नव्हता अंगावर. मी घरात बसले होते, फोन धरून. हे तसं नाही जाऊ द्यायचं. बंद कसं करतात?"

"तसा काही हुकूमच नाही, वहिनी, यात. शेखर बटण दाबून धरायचा. जाईपर्यंत सोडायचं नाही."

"मग मी धरते."

आधी तिने काहीतरी लिहिलं. बरंच लिहिलं. मी दुसऱ्यांची पत्रं, मेसेज, लग्नपत्रिकांची पाकिटं, सगळं वाचणारी बाई, पण मी खिडकीकडे तोंड केलं. खाली केबलवाल्यांनी रस्ता खणला होता आणि त्यांतले दोघे खड्ड्याच्या काठावर बसून भाकरी खात होते. मागे बटणं वाजत होती. मग थांबली.

वळले तेव्हा स्मिताचं बोट बटणावर होतं. ऋचा तिच्या मागे येऊन उभी राहिली होती, आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून. आकडा चालत होता, चालत होता, आणि मग सगळी स्क्रीन एकदम गेली. आतल्या पंख्याची घरघर उतरत उतरत थांबली. इतके दिवस तो आवाज घरात होता, हे तो थांबल्यावर कळलं. स्मिताने बोट काढलं नाही. मुनाफ म्हणाला, "वहिनी, झालं." तरी तिने काढलं नाही. मग काढलं, आणि ओढणीला पुसलं.

आपण चौघेच होतो खोलीत. लिहिताना 'आपण' लिहून गेले. राहू दे.

बऱ्याच वेळाने स्मिता म्हणाली, "मुनाफभाई, तुम्ही नेहमी त्याच्याशी भांडायचात ना, वरच्यावरून. समजा कुणाला यात राहायला यायचं असेल, तर पहिलं काय लागतं?"

मला वाटलं, हा आता 'शेल' म्हणेल. वर्षानुवर्षं तेवढीच खोली मागत होता बिचारा. मुनाफने चष्मा डोळ्यांवर चढवला, परत काढला.

"इतके दिवस मी वेगळं सांगितलं असतं. आज विचाराल तर, नीट बंद करायची सोय."

"मग ती करा आधी."

ऋचाने खिडकी उघडली. स्मिताने विचारलं, जेवायला काय आहे. घरात काही नव्हतं. मी आणलेल्या डब्यात पोळ्या होत्या, माझ्या हातच्या, तुला माहीत आहेत त्या. सगळ्यांनी खाल्ल्या आणि कोणी नाव ठेवलं नाही, यावरून त्या दिवशीच्या परिस्थितीची तुला कल्पना यावी.

काल स्मिता लॅबमध्ये जाऊन आली. जागा राहिली आहे की गेली, ते अजून सांगत नाहीत. ती संध्याकाळी परत आली आणि तुझ्या खोलीच्या दारात थोडा वेळ थांबून बाहेरच्या खोलीत झोपली. बरी आहे असं म्हणणार नाही. ऋचा रविवारी निघेल असं म्हणते आहे.

मुनाफ कालपासून सकाळी लॅपटॉप घेऊन येतो आणि तुझ्या खुर्चीत बसतो. मी शिकवणी सुरू व्हायच्या आधी चक्कर मारते तेव्हा तो तुझ्या नावाने बोटं मोडत असतो. "ताई, या माणसाने कुठे दोन ओळी समजावून लिहिलंय का? नाही! काही म्हणजे काही नाही! मी ओळखायचं!" मग शांतपणे परत वाचायला लागतो. त्याने मला सांगून ठेवलंय, की आता हे रोज पडणार. माणसं आत आली, की मोडतोड ठरलेली. स्मिता काहीतरी भलतंच दाबेल, मी तर दाबणारच, हजेरीची माझी जुनी मागणी मी परत दिली आहे. तुझं इतकं नीट उभं राहिलेलं काम आम्ही पाडणार, परत उभं करणार, परत पाडणार.

तू आम्हाला बोलावलं नव्हतंस. कधी बोलावलंही नसतंस, हे त्या द्रोणागिरीच्या बाकावर बसून मला पुरतं कळलंय. तरी आम्ही आलोय, शेखर. चपला बाहेर काढून आलोय.